न लागलेलं विरजण

श्रावणात आम्ही प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीत चौदा बाटल्या मांडल्या. कोल्ड्रिंकच्या, दोन-दोन लिटरच्या, गळा कापलेल्या. प्रत्येकीत आपापल्या ठिकाणचा गाळ, त्यात चुरगाळलेला जुना पेपर, एका अंड्याचा बलक, चिमूटभर खडूची पूड आणि वर चार बोटं पाणी. तोंडाला पातळ प्लास्टिक आणि रबर. पुढचं काम उजेडानं आणि दिवसांनी करायचं होतं.

"बाटली म्हणजे एक गाव समजा," दमयंती मॅडम म्हणाल्या. त्या आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या, आणि शिकवताना नेहमी खिडकीबाहेर बघायच्या. "वरच्या आळीला हवा आणि ऊन. खालच्या आळीला अंधार. ज्याला जे मानवतं, तो तिथं घर करील. हात कुणी लावायचा नाही. आठवड्यातून दोनदा बघायचं आणि वहीत लिहायचं. दिसेल ते लिहा. वाटेल ते नको."

माझ्या शेजारची बाटली हिमांशूची. त्याच्या घरी अंडं चालत नाही, श्रावणात तर नावसुद्धा काढायची सोय नाही. त्यानं ते कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलं आणि मोज्यात गुंडाळून दप्तरात ठेवलं. बसमध्ये फुटलं. मग त्यानं मोजाच बाटलीवर पिळला.

"मोज्यातले जंतू पण आले की रे," मी म्हटलं.

"येऊ दे. तेवढीच वस्ती वाढंल."

त्याचा गाळ सलीम अली तलावाच्या काठचा, काळा, कुबट. माझा आमच्या विहिरीचा. तो बाटलीत भरताना मला थोडा गर्वच होता. राखाडी, मऊ, बोटांतून पिठासारखा निसटणारा. वास म्हणाल तर कसलाच नाही.

आमची वस्ती करमाडच्या वरच्या अंगाला, जालना रोड सोडून आत. मोसंबीच्या बागेला लागून विहीर. तिचं पाणी इतकं नितळ, की दुपारच्या उन्हात तळाचा दगड न दगड दिसावा. शेवाळ नाही, डास नाही, बेडकाचं पिल्लू नाही. पाहुणा आला की चहाच्या आधी अण्णा त्याला विहिरीवर नेत. अण्णा म्हणजे माझे वडील, काकासाहेब. पंचक्रोशीत शब्दाला वजन असलेला माणूस.

"बघा," ते म्हणायचे, "खाली गावात हिरवं पानी पितेत. इथं टाचणी पडली तर शोधायला उतरावं लागत नाय."

आणि आई, आवडाबाई, मोटार असूनही प्यायचं पाणी दोरानंच शेंदायची. शेंदताना गुणगुणायची:

*माझ्या अंगणी इहीर, तिचं पानी गं नितळ*
*माझ्या लेकीच्या मनाचा दिसं त्याच्यात गं तळ.*

लहानपणी त्या विहिरीत एक कासव होतं. पाणी साफ राहावं म्हणून आजोबांनी सोडलेलं. कपारीवर ऊन खात बसायचं. दोन वर्षांपूर्वी ते पोट वर करून तरंगलं. आई म्हणाली, म्हातारं झालं होतं बिचारं. आम्ही सगळे म्हणालो, हो, म्हातारं झालं होतं. कासव किती वर्षं जगतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

पंधरा दिवसांत बाटल्या बोलायला लागल्या. आधी तळ काळा झाला, काजळ फासल्यासारखा. मग वरच्या पाण्यावर हिरवी साय आली. विसाव्या दिवशी खाम नदीच्या गाळात विटकरी पट्टा उमटला. आणि एका सोमवारी हिमांशूच्या बाटलीत, काळ्याच्या जरा वर, जांभळाचा रस सांडावा तसा एक ठिपका आला. आठवड्यात तो तळहाताएवढा झाला. मुली फोटो काढायला यायच्या. हिमांशू बाटलीच्या बाजूला उभा राहायचा, जणू बारशाला आलेल्यांना पेढे वाटतोय.

माझी बाटली भरली त्या दिवशी जशी होती तशीच होती. वर पाणी, खाली राख. पेपरचा कपटासुद्धा कुजला नव्हता. काचेसारख्या त्या प्लास्टिकमधून मला एका बातमीचं अर्धं शीर्षक सव्वा महिना वाचता येत होतं.

"मोनिका, तुझ्या बाटलीनं श्रावण पाळलाय का?" हिमांशू म्हणायचा. "भाद्रपद लागला म्हणावं. सोड आता उपास."

मी वहीत लिहायची. दिवस नववा, बदल नाही. दिवस सतरावा, बदल नाही. दिवस तिसावा, बदल नाही. पहिल्यांदा मला वाटलं, आमचा गाळ फार स्वच्छ आहे म्हणून. हे मी मोठ्यानं बोललेही. मॅडमनी खिडकीबाहेरची नजर काढून माझ्याकडं बघितलं.

"स्वच्छ माती असं काही नसतं गं," त्या म्हणाल्या. "माती एकतर जिवंत असते, नाहीतर मेलेली. हा गाळ कुठला?"

"विहिरीचा."

"ते पाणी कुणी पीत नाही ना?"

चौदा जणांचे कान होते. माझ्या भावाची, ऋतुराजची नोकरी डोळ्यांपुढं आली. का आली, ते पुढं सांगते. मी म्हटलं, "नाही मॅडम. बागेला आहे."

"मग एका बाटलीवर निकाल देऊ नकोस. पुन्हा लाव. या वेळी त्या विहिरीचं पाणी आण आणि हिमांशूच्या जिवंत गाळावर घाल. दुसऱ्या बाटलीत तोच गाळ आणि आपलं नळाचं पाणी. दोन्ही शेजारी ठेव. मग कळेल दोष कशात आहे."

"म्हणजे विरजण लावायचं," मी म्हटलं.

"विरजणच. फक्त दहा-अकरा आठवडे लागतील."

पाणी आणायला मी महालक्ष्म्यांना घरी गेले. वहिनीला पाचवा लागला होता. विशाखा वहिनी फुलंब्रीकडची, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, हळू बोलणारी, आईला आत्या म्हणणारी. लग्नाला चार वर्षं झालेली. तिचं पहिलं पाचव्यात गेलं, दुसरं सहाव्यात. हे तिसरं. घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं आणि सगळे तिच्या पोटाकडं बघत होते.

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला कढी लागते. सकाळी आईनं गाडग्याचं झाकण काढलं आणि तशीच उभी राहिली.

"परत नाय लागलं," ती म्हणाली. "सणाच्या दिवशी बी नाय. दोन वरसं झाली, या पोरीच्या हातानं एकदा दही लागलं असंल तर शपथ. हाताला गुण लागतो बाई. ज्याच्या हाताला नाय, त्याच्या पोटाला तरी कुठून येणार?"

वहिनी चुलीपुढं बसली होती. तिनं लाकूड आत सरकवलं, एवढंच.

"आई, असं बोलू नये," मी म्हटलं.

"मग कसं बोलू? तुझ्या कॉलेजात शिकवतेत का दही लावायला? लावून दाव."

मी गाडग्यात वाकून बघितलं. दूध तसंच. पातळ, निळसर, हललं की काठाला न चिकटता परत येणारं. आमच्याकडं दूध तापवायच्या आधी पातेल्यात ओंजळभर पाणी घालतात, म्हणजे दूध भांड्याला धरत नाही. गाडगंही त्याच पाण्यानं विसळतात. मी बोट बुडवलं, वास घेतला. आंबट नाही, गोड नाही. माझ्या बाटलीसारखा, कसलाच नाही.

माझ्या हातावर काटा आला तो तेव्हा.

त्या दुपारी मी अण्णांबरोबर वरच्या रानात गेले. तिथं जुनी दगडाची खदान आहे. रस्ता झाला तेव्हा तिथून खडी गेली आणि खड्डा आमच्या वाट्याला राहिला. दोन वर्षांपासून औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचे टँकर तिथं रिकामे होत. खड्ड्यात पाणी होतं, फिकट पिवळं, लिंबाच्या सालीसारखी झाक असलेलं. काठच्या तरवडाचं झुडूप वाळून खराटा झालं होतं.

"अण्णा, हे काय पाणी आहे?"

"धुवणाचं. कंपनीत भांडी-यंत्रं धुतेत त्याचं. साहेब म्हणला, साधं पानी हाये, उन्हानं उडून जातं."

"आणि जमिनीत मुरलं तर?"

"मुरू दे की. पानी पान्यात गेलं. दगडातून गाळून जातं, पोरी. आपली इहीर बघ ना कशी हाये." मग थोडं थांबून, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "ऋतुराज परमनंट कशावर झाला, तुला म्हाईत नाय का? शब्द दिलाय मी."

हीच ती नोकरी. तीन वर्षं ठेकेदाराकडं राबून भाऊ कायम झाला होता, तो या खड्ड्यावर.

मी परत आले. ओट्यावर वहिनी शेवगा निवडत होती. मला सांगायचं होतं, आणि काय सांगणार होते? माझ्याकडं एक न बदललेली बाटली होती आणि एक न लागलेलं गाडगं. तेवढ्यावर अण्णांचा शब्द मोडायचा, भावाची भाकर काढायची? उद्या दुसऱ्या बाटलीत जांभळा ठिपका आला, तर मी कुठं तोंड लपवू? खात्री होऊ दे, मी मनाशी म्हटलं. दहा-अकराच आठवडे. तोवर काहीतरी करायला हवं म्हणून मी तिच्याजवळ बसले.

"वहिनी, एक ऐकशील? पाणी उकळून पीत जा. रोज. न उकळलेलं घोटभरसुद्धा नको."

"का? पान्यात काय हाये?"

"काही नाही गं. अशा दिवसांत उकळलेलं चांगलं असतं. जंतू मरतात."

तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत असा विश्वास होता, की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आईनं आतून ऐकलं. तिला ते पटलं. "बरोबर बोलती पोरगी," ती म्हणाली. "माझ्या सासूनं मला आटवलेलं पानी पाजलं होतं. नुसतं उकळू नगं विशाखा, अर्धं आटव. आटवलेलं पानी अंगी लागतं."

मी हसले. मी खरंच हसले. विज्ञान आणि रीत एकदाच एका चुलीवर आली असं वाटून.

शहरात परतताना पाच लिटरचा कॅन भरून आणला. दुसऱ्या दिवशी दोन नव्या बाटल्या लावल्या. एकीवर चिठ्ठी: तलावाचा गाळ, नळाचं पाणी. दुसरीवर: तलावाचा गाळ, वस्तीचं पाणी. दोन्हींत हिमांशूच्या बाटलीतला जांभळा गाळ एकेक चमचा, काचनळीनं, मधोमध सोडला. कणकेत हळद पडावी तसा तो दिसत होता.

"सांभाळ हं माझ्या लेकराला," हिमांशू म्हणाला.

विरजण लावलेलं गाडगं हलवायचं नसतं. झाकण काढून बघायचं नसतं. आमच्या घरी त्याचीही ओवी आहे. आई ती दही लावताना म्हणायची, आणि वहिनी माहेरून आली तेव्हा तिलाही शिकवली होती:

*इरजण लावलं बाई, नको हलवू गाडगं*
*निजलं गं तान्हं माझं, नको करू त्याला जागं.*

मी हलवलं नाही. मी कुणाला काही विचारलं नाही, सांगितलं नाही. मी वाट बघितली.

पहिल्या बाटलीत दहाव्या दिवशी ठिपका पसरला. दुसऱ्या बाटलीत तो आकसला. तिथल्या काळ्या गाळाचा कुबट वास पंधरा दिवसांत गेला. जांभळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा राखाडी. मी लिहीत गेले. दिवस अठरावा, ठिपका निम्मा. दिवस पंचविसावा, फक्त कडा दिसते. अक्षर माझं तेव्हा फार सुंदर यायचं. का कोण जाणे.

मध्ये दिवाळी आली. मी घरी चार दिवस राहिले. जाताना पिशवीत पाण्याच्या चार बाटल्या नेल्या, विकतच्या. आईनं विचारलं तर म्हटलं, हॉस्टेलची सवय लागलीय, घसा धरतो. वहिनीला सहावा पुरा होत होता. पहिल्यांदाच एवढं पुढं गेलं होतं. तिच्या चेहऱ्यावर तेज नव्हतं, पण एक धीर होता. चुलीच्या मागच्या वैलावर तिचं पातेलं सतत असायचं. त्याच्या आतल्या काठावर पाण्याची उतरती रेघ, पिवळसर पांढरी, एकीखाली एक, थरावर थर.

"बघा ताई," ती म्हणाली, "तांब्याभर टाकते, अर्धा तांब्या उरतो. कडू लागतं जरा. पर पिते."

ते थर मी बघितले. थर बघायचंच तर मी शिकत होते. दिवाळीची गडबड होती, भाऊबीजेला भाऊ कामावरून लवकर आला होता, मी त्याला ओवाळलं. त्यानं ओवाळणीत मला पेन दिलं आणि म्हणाला, "मामा झालो नाय अजून, पर बाप होणार बघ." सगळे हसले. आई पण.

कार्तिक सरता सरता दुसरी बाटली पूर्ण मेली. मी वही मॅडमपुढं ठेवली. त्यांनी दोन्ही बाटल्या खिडकीतून उचलून टेबलावर घेतल्या. एक शहरासारखी रंगीत, दुसरी स्मशानासारखी.

"मोनिका," त्या म्हणाल्या, "हे पाणी खरंच कुणी पीत नाही?"

मग मी सांगितलं. सगळं. खदान, टँकर, नोकरी, वहिनी, सातवा महिना. मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"त्याच दिवशी प्यायच्या पाण्याचा कॅन मागवला असता. त्याच दिवशी तिला तिथून हलवलं असतं." त्यांनी चष्मा काढला. "तोवर काय केलंस?"

"उकळून प्यायला सांगितलं, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नंतर त्या मेलेल्या बाटलीकडं बघितलं. इतके आठवडे मी जी गोष्ट रोज लिहीत होते, ती मला त्या क्षणी वाचता आली. या पाण्यात जिवंत काही नव्हतं. मग उकळून मी काय मारणार होते? उकळून फक्त पाणी जातं. पाण्यातलं धातूचं जे काही असेल ते तिथंच राहतं, दाट होतं. अर्धं आटवलं तर दुप्पट. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे.

मॅडमनी त्याच सकाळी पाण्याचा नमुना त्यांच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत पाठवला. मी भावाला फोन लावला. बंद. आईला लावला. तिनं उचलला, मागं कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"आई?"

"आम्ही दवाखान्यात हाओत," ती म्हणाली. "काल दुपारपासून लेकरू हललं नाय."

मुलगी होती. केस होते, पापण्या होत्या, नखं होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना मी पाण्याचं विचारलं. त्या थकलेल्या होत्या, पण त्यांनी नीट ऐकून घेतलं. "असं एका कारणावर बोट ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या. "असू शकतं. नसूही शकतं. पण ते पाणी बंद करा." हे खरंच होतं. खात्री त्यांनाही नव्हती. मी ज्या खात्रीसाठी थांबले होते, ती अशी कुठं मिळत नसते.

भाऊ आणि अण्णांनी तिला वरच्या बांधाला पुरलं. मिठाच्या पिशव्या भावानं स्वतः करमाडहून आणल्या. खड्डा खोल घेतला. खालची माती राखाडी निघाली, असं तो म्हणाला.

चौथ्या दिवशी वहिनीला घरी आणलं. त्याच दुपारी मी दोन्ही बाटल्या आणि आलेला कागद घेऊन वस्तीवर पोचले. पाण्याचे दोन जार रिक्षातून उतरवले. ओसरीवर अण्णा आणि आई बसले होते. मी कागद वाचून दाखवला. क्रोमियम, निकेल, पुढचे आकडे. अण्णांना आकडे कळले नाहीत. मग बाटल्या त्यांच्यापुढं ठेवल्या आणि सांगितलं: माती एकच, पाणी वेगळं.

आईनं दोन्हींचं प्लास्टिक काढलं. रंगीत बाटलीचा वास घेतला, नाक मुरडलं. दुसरीचा घेतला. पुन्हा घेतला. दही, लोणचं, पीठ, धान्य, सगळं तिनं आयुष्यभर वासावर पारखलेलं.

"हिला वासच नाय," ती म्हणाली.

"नाही."

"गाडग्याला बी नव्हता."

"हो आई."

तिनं बाटली खाली ठेवली. मग पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली.

अण्णा म्हणाले, "हे आणखी कुणाला सांगितलं तू?"

"मॅडमना."

"अन् त्या कुणाला सांगतील?"

मी कागदाची घडी घातली. त्यांनी मला त्यांचा चष्मा आणायला सांगितलं, तो त्यांच्या खिशातच होता. मग उठले आणि वरच्या रानाकडं गेले. ऊन उतरताना टँकरचा हॉर्न ऐकू आला. ते खदानीच्या वाटेवर आडवे उभे राहिले. ड्रायव्हरशी दोन शब्द बोलले, टँकर वळला. घरी येऊन म्हणाले, "ड्रायव्हर म्हणला, हरकत नाय काकासाहेब. पलीकडं कचरूच्या वस्तीमागं बी एक खड्डा हाये." मग ओसरीच्या खांबाला टेकून बसले, ते दिवा लागेपर्यंत.

मी आत गेले. वहिनी बाजेवर पडली होती. छातीला आईनं फडकं घट्ट बांधलं होतं, तरी ते ओलं झालं होतं. दूध यायला लागलं होतं. शरीराला कुणी कळवलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसं रोज उकळलं मी. एक दिवस चुकवलं नाय. पावसात लाकडं ओली असायची, फुंकून फुंकून डोळे जायचे. पर आटवायची अर्धं. माझ्याकडून काही चुकलं नाय ना?"

इथं मी गप्प राहिले असते, तर तिला कधीच कळलं नसतं. बाहेर आईला कळलं नव्हतं, अण्णांना कळलं नव्हतं. मॅडम इथं येणार नव्हत्या.

"वहिनी," मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही. उकळायला नको होतं. त्यानं ते पाणी अजून वाईट झालं. माझं चुकलं."

तिला ते समजायला वेळ लागला, आणि मला तो वेळ तिथं बसून काढावा लागला.

"तुम्हाला कधी कळलं? पानी खराब हाये ते?"

"शंका महालक्ष्म्यांना आली होती. खात्री नव्हती."

तिनं बोटं मोजली नाहीत, पण ओठ हलले. भाद्रपद, आश्विन, कार्तिक.

"दिवाळीत तुम्ही पान्याच्या बाटल्या आणल्या होत्या," ती म्हणाली. "चार."

"हो."

"एक मला का नाय दिली?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मेथीची जुडी कितीला, असं विचारावं तसा आवाज. मी उत्तर शोधलं. खात्री नव्हती म्हणून, हे खरं नव्हतं. खात्री नव्हती तर मी स्वतः का त्या बाटल्या पीत होते? ती हळूच कुशीवर वळली, भिंतीकडं, आणि फडक्याची गाठ मागं माझ्याकडं आली. गाठ सैल झाली होती. मी ती बांधायला हात पुढं केला.

"आत्यांना बोलवा," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी आईनं जारच्या पाण्यानं गाडगं तीनदा विसळलं. शेजारच्या वस्तीवरून दूध आणलं, त्यात त्याच पाण्याची ओंजळ घालून तापवलं, कोमट होऊ दिलं. मग वाटीत विरजण घेऊन बाजेपाशी गेली, वहिनीचा हात धरून तिच्या बोटांनी ते दुधात कालवलं. ओवी म्हटली नाही. झाकण ठेवलं.

सकाळी दही लागलं होतं. सुरीनं कापावं इतकं घट्ट, वर साय, कडेला पाण्याचा थेंब नाही. आई गाडगं घेऊन वहिनीपुढं गेली.

"बघ," ती म्हणाली. "तुझ्याच हातचं. तुझ्या हाताला गुण हाये पोरी. मीच मेली आंधळी." आणि गाडगं पुढं धरून उभीच राहिली.

वहिनीनं बघितलं. मान हलवली. "झाकून ठेवा," म्हणाली.

ते कुणी खाल्लं नाही. टाकायचं धाडसही कुणाला झालं नाही. भाऊ कामावर गेला नाही, त्याला कुणी बोलवायला आलं नाही. आई जारमधून पाणी काढायची आणि विहिरीकडं पाठ करून बसायची. मी तिथंच राहिले, भाकरी थापल्या, भांडी घासली. वहिनी माझ्या हातून पाणी घेत नव्हती. मी तांब्या ठेवून बाजूला झाले की मग उचलायची.

पाचव्या दिवशी मी गाडग्याचं झाकण काढलं. सायीवर कडेनं हिरवट बुरशी आली होती, मधोमध पांढरी लव, आणि एका जागी गुलाबी ठिपका. वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला.

पिशवीत वही होती, भावानं दिलेलं पेन होतं. दिसेल ते लिहायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी तारीख घातली. त्याखाली लिहिलं: दिवस पाचवा. वाढ आहे.